बारावा पुठा

लहानपण आठवायला बसले की मला आधी आवाज येतात, चेहरे मागून. सुताराचा वाकस बाभळीच्या लाकडावर पडतो, खट्, मग जरा थांबून पुन्हा खट्, आणि मध्येच ढलपी जमिनीवर पडल्याची हलकी चाहूल. पुसेगावात आमच्या घरी असे पाच वाकस होते. आजोबांचा एक, तीन चुलत्यांचे तीन आणि माझ्या बापाचा, म्हणजे आबांचा, पाचवा. सकाळी ते एकदम चालू झाले की घर आतून हलल्यासारखं वाटायचं आणि आम्ही पोरं त्या तालावरच भाकरी खायचो. पण गाव तेवढंच, औतं तेवढीच, आणि सुतार वाढत चाललेले. आबा सगळ्यात धाकटे, त्यांच्या वाट्याला आजोबांच्या मोडक्या कामाची डागडुजी यायची. कुरुंद्याच्या पलीकडे बाभळबन तोडून एक वाडी नव्यानं वसत होती. लोहार कुरुंद्याहून यायचा, कुंभार कुरुंद्याहून यायचा, सुतार मात्र कुणीच यायचा नाही. त्या वाडीचे पाटील आबांना बाजारात भेटले आणि म्हणाले, ये. आबा म्हणाले, येतो. माईला विचारायचं राहूनच गेलं, ते तिनं त्यांना जन्मभर ऐकवलं.

आम्ही पाटलांच्या गोठ्यात राहिलो. अर्ध्यात बैल, अर्ध्यात आम्ही, मध्ये तुरीच्या काड्यांचा कूड. आज मी हिंगोलीत लेकाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते, पंखा आहे, जाळीच्या खिडक्या आहेत, पण तशी झोप पुन्हा लागली नाही. कुडापलीकडे बैल रवंथ करायचे आणि तो आवाज ऐकता ऐकता डोळा लागायचा. सकाळी उन्हाच्या पट्ट्या काड्यांतून आत यायच्या, त्यांत चुलीचा धूर निळा दिसायचा, आणि माझा धाकटा भाऊ भागू त्या पट्ट्या मुठीत धरायला धावायचा. माय ज्वारीच्या कण्या शिजवायची, त्यावर करडईच्या तेलाची धार आणि लसणाची चटणी. अंबाडी तर इतकी खाल्ली की आबा म्हणायचे, आता आपल्याला कापलं तर आंबट निघू. मला ती वाडी फार आवडली होती. घराच्या मागे लगेच शेत, शेताच्या मागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे काय आहे ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं असं मला वाटायचं.

माईला मात्र वाडी सोसली नाही. तिचं माहेरही पुसेगावातच होतं, दोन आळ्या सोडून. सासूचा राग आला की ती पाणी आणायला म्हणून निघायची आणि आईच्या ओट्यावर दोन घटका बसून यायची. इथं रागावून जायला जागाच नव्हती. जावांशी भांडायची सवय, आता भांडायला जावा नाहीत, म्हणून ती भांड्यांशी भांडायची. आबा एकटेच तासत बसले की म्हणायची, "पाच वाकसाचं घर व्हतं माझं. ह्यो एकच आवाज ऐकू आला की वाटतंय झाडावर सुतारपक्षी बसलाय." आबा हसायचे. ते फार बोलणारे नव्हतेच. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं की ते पटाशीला धार लावायला घेत. आमच्या घरच्या पटाशा फार धारदार असत.

वाडीचं आणि आबांचं एक ठरलं होतं. नांगर, कुळव, दाराच्या चौकटी ही कामं आबा करत होते आणि लोक खुशीनं सूपभर, दोन सूप ज्वारी घालत होते, पण ते हक्काचं बलुतं नव्हे. बलुतं आणि घराची जागा मिळायची ती पहिली बैलगाडी करून दिल्यावर. बैलगाडी हीच सुताराची परीक्षा, कारण नांगर कुणीही ठोकठाक करून उभा करतो, चाक करायला सुतारच लागतो. ती गाडी करीमचाचांची होणार होती. त्यांचा वाडीत सगळ्यात जास्त कापूस, आणि तो दरवर्षी कुणाच्या तरी हातापाया पडून वसमतला न्यावा लागायचा. त्यांनी स्वतःच्या बांधावरची जुनी बाभळ दिली. आबांनी ती कापून ओंडके ओढ्याच्या डोहात चार महिने बुडवून ठेवले, मग काढून, चिरून, माळ्यावर सावलीत आठ महिने वाळवले. चाकाचं जे बाहेरचं गोल कडं असतं ते अखंड नसतं, सहा वाकड्या तुकड्यांचं असतं. त्या तुकड्याला पुठा म्हणतात. दोन चाकांचे बारा पुठे. ओंडक्याच्या एका टोकाला किडीनं खाल्लेलं निघालं म्हणून जास्तीचा एकही निघाला नाही, नेमके बारा. आबा रोज संध्याकाळी माळ्यावर चढायचे आणि एकेका पुठ्यावर बोटाचं पेर वाजवून बघायचे. ओलं लाकूड बद्द वाजतं, वाळलेलं टणक वाजतं. भागूला वाटायचं आबा वर जाऊन कुणाचं तरी दार वाजवतात.

पोळ्याचा दिवस होता. त्या दिवशी सुतार वाकसाला हात लावत नाही. आबा अंघोळ करून, फेटा बांधून पाटलांच्या दारात गेले होते, बैल तिथूनच तोरणाखालून जाणार होते. माय पुरण शिजवायला बसली. पुसेगावात पोळ्याला आमच्याकडे तीस माणसं जेवायची, पुरण वाटायला चार बाया, गाणी, चिडवाचिडवी. इथं ती एकटी, आणि चूल पेटत नव्हती. पाऊस चार दिवस लागून होता. तिनं फुंकणीनं फुंकलं, डोळ्यांना पदर लावला, पुन्हा फुंकलं. मग फुंकणी खाली ठेवून ती नुसती बसून राहिली. बाहेर बैलांच्या गळ्यांतले घुंगरू वाजत होते. ती उठली, शिडी चढून माळ्यावर गेली आणि एक पुठा घेऊन खाली आली. मी दारात भागूला घेऊन उभी होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गोवऱ्या वल्ल्या झाल्यात." गोवऱ्या ओल्या नव्हत्या. बैलांच्या बाजूला पोत्याखाली कोरड्या गोवऱ्यांची रास होती आणि ती सकाळी मीच झाकली होती. तिनं पुठ्याचं टोक चुलीत सरकवलं. आठ महिने वाळलेली बाभळ, ना धूर ना तडतड, एकसारखा पिवळा जाळ. इतकं मऊ पुरण मी पुन्हा कधी खाल्लं नाही. मी काही बोलले नाही. मला कळलं होतं. एक पुठा कमी म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे जागा नाही, आणि दुसरं लाकूड वाळायला आणखी वर्ष. वर्षभर पाटील थांबणार नव्हते. आम्ही पुसेगावला परत जाणार होतो. मला रडू येत होतं आणि पुरणपोळी सोडवतही नव्हती.

आबा त्या संध्याकाळी माळ्यावर गेले. आम्ही खालून ऐकत होतो. अकरा वेळा टणक वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. ते उतरले तेव्हा चुलीकडे एकदा बघितलं, चुलीत बाभळीचे लालभडक निखारे अजून होते. त्यांनी पटाशी घेतली आणि धार लावायला बसले. माय पाठमोरी होती, ती भांडी घासतच राहिली. दुसऱ्या दिवशी ओरडा होईल, तिसऱ्या दिवशी होईल, अशी मी वाट बघत राहिले. काही झालं नाही. दसऱ्यानंतर त्यांनी चाकं जुळवायला घेतली आणि मी मोजलं तर पुठे बारा होते. एकाचा रंग बाकीच्यांहून जरा फिका. मी तो हळूच वाजवून पाहिला. बद्द. माईनंही तो पाहिला होता. आबांनी ओढ्याकाठची ओली बाभळ तासून तो घातला होता. मला वाटलं, आबांना ओल्या लाकडाचं कळलं नसेल. पोरवयात बापाविषयी काय काय वाटतं!

चाकावर लोखंडी धाव चढवायला कुरुंद्याचा लोहार आला तो दिवस सणासारखा गेला. गोवऱ्यांच्या गोल भट्टीत धाव लाल केली, चार माणसांनी सांडशीनं उचलून चाकावर टाकली आणि बायांनी घागरीनं पाणी ओतलं. वाफेचा ढग उठला, त्यात सगळी वाडी नाहीशी झाली आणि पुन्हा दिसू लागली. थंड होताना धाव आवळली तसं चाक करकरलं. करीमचाचांनी हात फिरवून म्हटलं, "वा मिस्तरी! एकदम बराबर." मग पाटील काठी टेकत पुढे आले आणि माईकडे बघून म्हणाले, "बाई, लेकरांची तयारी ठेवा. कापूस भरला की तुमाला जायचंय." माय म्हणाली, "आमाला? कुठं?" पाटलांना नवल वाटलं. "मिस्तरीनं सांगितलं न्हाई व्हय? आमच्या वाडीचा रिवाज हाय. हीर बांधनारा पहिलं पानी पितो. गाडी करनारा पहिल्या खेपेला बायकू-लेकरांसकट गाडीत बसतो. वसमत दावून आनायचं. गाडी साबूत आली की त्याच दिशी घराच्या जागेत खुंटी ठोकायची, मंग जागा तुमची." माईच्या हातात पाण्याची घागर होती. ती तिनं सावकाश खाली ठेवली, आणि भागूचा हात इतका घट्ट धरला की तो ओरडला.

पौषातली सकाळ होती. गाडीत कापूस रचून वर आम्हाला बसवलं होतं, माय, मी आणि भागू. करीमचाचा पुढे कासरा धरून, आबा बाजूनं चालत. धुकं ओढ्यावरून उठून तुरीच्या शेतात शिरत होतं आणि बैलांची शिंगं तेवढी त्यातून वर दिसत होती. कापसात बसलं की आधी थंड लागतं, मग हळूहळू ऊब येते, मग आपलं अंग कुठं संपतं ते कळेनासं होतं. घुंगरू, चाकाचं वंगणातलं बारीक कुरकुरणं, मागे पडत जाणारी कोंबड्यांची बांग. ऊन वर आलं तसं धुकं सोनेरी झालं. पोपटांचा थवा डोक्यावरून गेला. भागू म्हणाला, "आक्का, आपून ढगात बसलो का?" मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं. आजही हिवाळ्यात रजई ओढून घेतली की मी क्षणभर त्या गाडीत असते. फक्त माय तेव्हा आमच्या ढगात नव्हती. ती गाडीच्या कडेला वाकून फिरतं चाक बघत होती. फिका पुठा वर यायचा, खाली जायचा, वर यायचा. प्रत्येक खड्ड्याला ती भागूला छातीशी धरायची.

अर्ध्या वाटेवर एका झऱ्याशी करीमचाचांनी बैल सोडून पाण्यावर नेले. मी डोळे मिटून पडले होते, माईला वाटलं झोपलेय. ती खाली उतरली आणि चाकाशी उभ्या असलेल्या आबांपुढे जाऊन म्हणाली, "आवो, हे चाक मोडंल. आमाला हितंच ऱ्हाऊ द्या, मी लेकरं घेऊन पायी येते. त्यो पुठा मी जाळला. पोळ्याच्या दिशी."

"ठावं हाय," आबा म्हणाले.

"ठावं हाय? आन् कच्चा पुठा बसवून लेकरं गाडीत बसवलीत?"

"चाक आता न्हाई मोडत. थंडी हाय, लाकूड फुगलेलं हाय, धावंनं आवळून धरलंय. वसमत काय, नांदेडला बी जाऊन येईल. लेकरांना काई व्हनार असतं तर बसवलं असतं का मी?"

माय चाकाकडे वळली. मग हळूच विचारलं, "मंग कवा?"

आबांनी खाली वाकून एक खडा उचलला आणि टाकून दिला. पटाशी नव्हती ना जवळ. "चैत्र-वैशाखात. उन्हानं पुठा आकसंल, धाव ढिली पडंल. भरल्या गाडीत निसटली तर… तवर मी बदलीन म्हनलं. गुपचूप."

"दुसरा पुठा वाळलाय का?"

"न्हाई."

"वैशाखापतुर वाळंल?"

आबांनी फिक्या पुठ्यावर बोटाचं पेर वाजवलं. मग म्हणाले, "तुजं नाव गावापुढं याया नको व्हतं. सुताराच्या बायकूनं चाकाचं लाकूड जाळलं म्हनल्यावर लोकांनी काय म्हनलं असतं? आन् खुंटी एकदा ठोकली गेली की मंग…" आबांना एवढं सलग बोलताना मी प्रथमच ऐकत होते. मला ती वाडी हवी होती. देवाला म्हटलं, माईला गप्प ठेव, आबा काहीतरी करतील. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा मी तसंच म्हटलं होतं.

वसमतचं मला फार थोडं आठवतं. कापसाचे डोंगर, नाकातोंडात तंतू, हिंदी-दखनीतला गलका, कारखान्याचा दिवसभर चाललेला घरघराट. करीमचाचांनी आम्हा पोरांना गोडी शेव घेऊन दिली आणि माईला म्हणाले, "भाभी, तकलीफ तर नाही ना झाली? माझ्या लेकीला बाळंतपणासाठी वैशाखात आणायचंय, याच गाडीतून. आता कुणाच्या हातापाया पडायला नको." गोडी शेवेचा आपला वाटा माईनं भागूला दिला. परत येताना गाडी रिकामी होती आणि ती चाकाकडे एकदाही बघत नव्हती.

वाडीच्या तोंडाशी हलगी वाजत होती. बायांनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, चाकांना हळदकुंकू लावलं. पाटलांच्या हातात बाभळीची खुंटी होती. चिंचेजवळची जागा त्यांनी आधीच झाडून ठेवली होती, तिथं सगळे उभे राहिले. पाटील आबांना म्हणाले, "ये गनपत मिस्तरी. आजपासून तू वाडीचा." आबा पुढे झाले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतकं हवं असलेलं काही समोर आलं की माणूस लहान पोरासारखा दिसतो.

"थांबा पाटील," माय म्हणाली.

डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. हलगीवाला थांबला. "त्या डाव्या चाकातला एक पुठा कच्चा हाय. वाळलेला व्हता, त्यो मी चुलीत घातला. ह्यांनी माजं नाव जाऊ ने म्हनून वल्ला बसवला. वैशाखात धाव निसटंल."

करीमचाचा चाकाजवळ गेले, वाकले, एकेका पुठ्यावर पेर वाजवत गेले. टण, टण, आणि मग बद्द. ते तसेच वाकून राहिले. त्यांच्या लेकीचा विचार त्यांच्या मनात आला असणार.

पाटलांचा आवाज चढला. "चुलीत घातला? जळन नव्हतं व्हय?"

"व्हतं."

"मंग काहून घातला?"

"मला पुसेगावला जायचं व्हतं," माय म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मला हितं करमत न्हाई. कुनी बोलायला न्हाई."

मागं बाया उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आमाला तरी कुठं करमत व्हतं गं." ही वाडीच नवी, सगळ्याच कुठून कुठून आलेल्या. पण पाटील ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ते म्हणाले, "मंग जा की आता. गाडी साबूत आली व्हती, गप बसली असतीस तर घर व्हतं. आता कुन्या तोंडानं ऱ्हाशील?"

माईनं पदरानं नाक पुसलं आणि पहिल्यांदा मान वर केली. "आता कशी जाऊ? चाक उतरवायचं हाय. नवी बाभळ कापायची, चार महिने पान्यात, आठ महिने सावलीत. वरीस लागतंय त्याला. करीमभाऊंची लेक वैशाखात यायची हाय, तवर दुसऱ्या कुनाची तरी गाडी मागून आनायची, ती बी आमीच मागू. हे सगळं टाकून कुठं जाऊ?"

पाटील तिच्याकडे बघत राहिले. मग करीमचाचांकडे बघितलं, गाडी त्यांची होती. करीमचाचा चाकाला हात टेकून उठले आणि म्हणाले, "बाभळ माझ्या बांधावर आणखी आहे, पाटील. पण या खेपेला माळ्याची शिडी मी माझ्या घरी ठेवतो." कुणीतरी फिसकन हसलं. पाटील हसले नाहीत. त्यांनी खुंटी या हातातून त्या हातात घेतली, आणि आबांना न देता ती माईपुढे धरली.

"ठोक तूच," ते म्हणाले. "वरीसभर तरी हलनार न्हाई अशी ठोक."

आमच्या घरात बाईनं हत्याराला हात लावायचा नसतो. आबांनी कमरेची हातोडी काढली आणि तिच्या हातात दिली. माय खाली बसली. पहिला घाव खुंटीवर न बसता तिच्या अंगठ्यावर बसला. "आई गं!" म्हणून ती जोरात ओरडली, मग रडता रडताच हसायला लागली, आणि दुसऱ्या घावाला खुंटी चांगली वीतभर जमिनीत गेली.